पहिलीचा वर्ग बोलका व्हावा

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या, की पहिलीच्या वर्गाचे दोन दिवस मोठे कौतुक होते. दाराला तोरण लागते, नवागतांना गुलाबाचे फूल मिळते, नव्या गणवेशातील चिमुरड्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. त्यानंतर समाजाचे लक्ष पुन्हा दहावी-बारावीचे गुण, अकरावीचे प्रवेश आणि पुढच्या अभ्यासक्रमांचे शुल्क यांकडे वळते. पहिलीच्या वर्गात सोमवार ते शनिवार नेमके काय घडते, याची विचारपूस क्वचितच होते. वास्तविक मुलाच्या साऱ्या शिक्षणाचा पाया तेथेच भरला जात असतो. पाया कच्चा राहिला तर वरच्या मजल्यांवर कितीही खर्च केला, तरी भिंतींना जायचे ते तडे जातातच.

बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे, असा दंडक या कायद्याने घातला आहे. म्हणजे दिवसाला चार तास, सहा दिवसांच्या आठवड्याला चोवीस तास आणि वर्षाकाठी जेमतेम तेहतीस आठवडे. या चोवीस तासांत फळ्यावर किती लिहून झाले, वहीची किती पाने भरली, पुस्तक कुठवर आले, याचा हिशेब पालकसभेत चोखपणे मागितला जातो. त्या चोवीस तासांत मूल स्वतः किती बोलले, हा हिशेब मात्र कोणी मागत नाही. पहिलीच्या वर्गाची खरी कसोटी तीच आहे.

तीन शहरे, एक फळा

मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे लागणारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन लगतची शहरे या कसोटीसाठी फार बोलकी आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित येऊन उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि त्या छावणीचे उल्हासनगर झाले. भूमी गेली, घरदार गेले. सोबत राहिली ती श्रद्धा, उद्यमशीलता आणि भाषा. १९६७ साली सिंधीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. तरीही सिंधी माध्यमाच्या शाळांचा पट ओसरत गेला. आजोबांची सिंधी नातवंडाला कळते, पण वाचता येत नाही, अशी अवस्था आज अनेक घरांत आहे. ज्या समाजाने सर्वस्व गमावूनही शून्यातून शहर उभे केले, त्याच्या तिसऱ्या पिढीच्या हातून भाषा निसटावी, हा मराठी समाजानेही अंतर्मुख होऊन पाहावा असा धडा आहे.

अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीने आणि औद्योगिक वसाहतींनी निरनिराळ्या प्रांतांतील कामगार आणले. बदलापुरात मुंबई-डोंबिवलीत घर न परवडलेली मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे आली. त्यांच्या इमारती बांधायला आलेल्या मजुरांची मुलेही तेथेच वाढली. भोवतालच्या गावांत आणि पाड्यांवर आगरी, ठाकर, कातकरी बोली पूर्वीपासून नांदत आहेतच. अशा शहरातल्या पहिलीच्या एका वर्गात चार-पाच घरभाषा शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि समोर फळा एकच असतो. 'शिक्षा' हा एकच शब्द घ्या. मराठी घरातल्या मुलाला त्यात छडी दिसते, हिंदी घरातल्या मुलाला त्यात शाळा दिसते. सहा वर्षांच्या मुलाला शब्दांची ही गंमत उलगडून दाखवली तर ते हसत हसत दोन भाषा शिकते. उलगडून दाखवली नाही तर ते गप्प बसते. वर्गातले गप्प मूल हुशार की मंद, भुकेले की भेदरलेले, हे कोणत्याच बाईंना कळत नाही.

सोमवार ते शनिवार

पहिलीचा एक साधारण आठवडा डोळ्यांसमोर आणावा. सोमवारी परिपाठ झाला, की भाषेचा तास. मुळाक्षरे गिरवण्याआधी मुलाने रविवारी काय काय केले ते सांगावे, एवढी साधी रीत जरी वर्गात पाळली, तरी तासाचा रंग बदलतो. कोणी मामाकडे गेलेले असते, कोणी वडिलांबरोबर हातगाडीवर बसलेले असते. मुलाने सांगितलेल्या वाक्यातला एक शब्द बाईंनी फळ्यावर लिहिला, की आपल्या तोंडून निघालेला आवाज खडूने लिहिता येतो आणि पुन्हा वाचता येतो, हा अक्षरओळखीतला मोठा चमत्कार मुलाच्या ध्यानात येतो. याउलट न कळणाऱ्या भाषेतल्या कविता घोकून म्हणणारे मूल पोपटासारखे गोड वाटते, पाहुण्यांसमोर कौतुकही मिळवते. पण त्यातले एक वाक्य ते स्वतःच्या गरजेसाठी वापरू शकत नाही.

मंगळवारी गणित. येथेही भाषाच आडवी येते. मराठीत आपण 'एकवीस' म्हणतो तेव्हा एक आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी येतो. म्हणून कित्येक मुले एकवीस ऐकून '१२' लिहितात. 'एकोणसाठ' ऐकल्यावर साठाच्या आधी थांबायचे असते, हेही सांगावे लागते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धती जोडीने आली, तेव्हा राज्यभर वादळ उठले. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांच्यावर टीकेची झोड उठली. मतभेद असू शकतात. परंपरेने चालत आलेली संख्यानामे टिकलीच पाहिजेत, हे म्हणणेही योग्यच आहे. पण मूल कोठे अडते, हा त्या पुस्तकाने विचारलेला प्रश्न खरा होता आणि त्या गदारोळात तोच बाजूला पडला. चिंचोक्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून त्यांवर सुटे चिंचोके मांडले आणि मुलाला मोठ्याने मोजायला लावले, तर एकवीसही सुटते आणि एकोणसाठही. आज भाजीवाल्याने 'पंच्याहत्तर' म्हटल्यावर आईकडे पाहणारी मराठी मुले सुशिक्षित घरांत वाढत आहेत. हा दोष पाठ्यपुस्तकाचा नाही, घराचा आहे.

बुधवारी परिसर. अंबरनाथच्या मुलांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. वालधुनीच्या काठावरचे शिवमंदिर शिलाहार राजा मम्वाणीच्या काळात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० मध्ये उभे राहिले, असे तेथील शिलालेख सांगतो. सहा वर्षांच्या मुलाला सनावळी नको. त्याला भिंतीवरचे प्राणी शोधू द्यावेत, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जाताना त्या मोजू द्याव्यात, दगडाला हात लावला तर तो थंड का लागतो ते विचारू द्यावे. बाहेर आल्यावर नदीचे पाणी काळे का, हेही ते विचारील. त्या प्रश्नाने मोठ्यांची मान खाली जाईल. तरी तो विचारू दिला पाहिजे.

गुरुवारी पाणी. 'आपल्या नळाला पाणी कोठून येते?' हा प्रश्न बदलापूरच्या वर्गात विचारला, तर बारवी धरण आणि उल्हास नदी ही नावे यायला हवीत. तीच उल्हास २६ जुलै २००५ रोजी घराघरांत शिरली होती. २७ जुलै २०१९ रोजी तिच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढले आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी सुखरूप बाहेर काढावे लागले. आजी-आजोबांकडून ही हकिकत ऐकून आलेले मूल दुसऱ्या दिवशी वर्गात ती सांगते, तेव्हा भाषा, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय एकाच गोष्टीत शिकवून होतात.

शुक्रवारी हातांचा तास. मातीकाम, कागदकाम, चित्रे. आणि शनिवारी दप्तराला सुट्टी. पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम राज्य शासनाने २०२४ मध्ये जाहीर केला. खेळ, गाणी, गोष्टी यांसाठी राखलेला हा दिवस अनेक ठिकाणी उरलेला अभ्यासक्रम उरकण्यात खर्ची पडला, तर उपक्रमाचे केवळ नाव आनंददायी राहील.

दुपारच्या पोषण आहाराचाही येथे उल्लेख केला पाहिजे. केंद्राच्या योजनेप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. एका पंगतीत बसून खाताना मुले एकमेकांशी जितके बोलतात, तितके वर्गात क्वचितच बोलतात. कोणाची जात, कोणाची बोली, कोणाच्या वडिलांचा पगार यांची त्या पंगतीत चौकशी नसते. समरसतेचा पहिला पाठ फळ्यावर लिहिण्याआधी येथे गिरवून होतो.

वाद भाषेचा, विसर मुलाचा

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी विषय २००० सालच्या जूनमध्ये अनिवार्य झाला. त्याला पाव शतक उलटल्यावर, १६ एप्रिल २०२५ रोजी, मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा शासननिर्णय निघाला. १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. या अडीच महिन्यांत भाषेच्या सन्मानावर पुष्कळ बोलले गेले. पहिलीच्या त्या चोवीस तासांत तिसऱ्या भाषेला जागा कोठून काढायची आणि कोणाचे बोलणे थांबवायचे, याची चर्चा तुलनेने फारच थोडी झाली.

उल्हासनगरच्या गल्लीत खेळणारे मूल हिंदी शाळेत जाण्याआधीच शिकते. तिच्यासाठी पहिलीला वेगळे पुस्तक आणि वेगळी परीक्षा लागत नाही. हिंदी परकी नाही, इंग्रजी शत्रू नाही. पण मुलाची एक भाषा घट्ट उभी राहिली, की दुसऱ्या भाषा तिच्या खांद्यावर चढून येतात. पहिलीच भाषा डळमळीत असेल तर साऱ्याच कोसळतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. शिक्षणहक्क कायद्यातही शक्यतो मातृभाषेतून अध्यापनाची तरतूद आहेच. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी आकडेमोड करता यावी, यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली. देशाच्या ग्रामीण भागाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात सरकारी शाळांतील तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ च्या १६.३ टक्क्यांच्या मानाने ही प्रगती आहे, पण चारांतील तीन मुले अद्याप मागे आहेत. शहरांची अशी पाहणी होत नाही, म्हणून शहरांत सारे आलबेल आहे असे समजण्याचे कारण नाही.

बोलण्याचे मोल

मुलाला बोलते करणे ही हौस आहे, असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी ऑगस्ट २०२४ आठवावा. बदलापुरातील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वेमार्ग रोखून धरला आणि मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. कॅमेरे, पडताळणी, स्त्री-कर्मचारी, तक्रारपेटी यांविषयी त्यानंतर आदेश निघाले आणि ते आवश्यकच होते. पण तो प्रकार बाहेर आला, तो लेकरांनी घरी सांगितले म्हणून. मोडक्या शब्दांत का होईना, त्यांना ते सांगता आले आणि घरच्यांनी ऐकून घेतले. शाळेची भाषा मुलाला परकी आणि घरात ऐकायला कोणाला सवड नाही, अशा दुहेरी कोंडीत सापडलेले मूल हे कोणाला सांगणार? जे मूल रोज वर्गात आणि घरात चार वाक्ये मोकळेपणाने बोलते, त्याचे एखाद्या दिवशीचे मौन लगेच लक्षात येते. जे नेहमीच गप्प असते, त्याच्या मौनाकडे कोणाचे लक्ष जाणार?

बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. पहाटेच्या लोकलने निघालेले आई-वडील रात्री परततात, तेव्हा मूल पेंगुळलेले असते. दप्तर तपासले जाते, गृहपाठ पुरा करून घेतला जातो आणि दिवा मालवला जातो. या कुटुंबांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. घराचा हप्ता आणि गाडीची गर्दी त्यांच्या वाट्याला हौसेने आलेली नाही. तरीही दिवसातली दहा मिनिटे दप्तर बाजूला ठेवून मुलाचे ऐकण्यासाठी राखता येतात. आजी-आजोबा घरात असतील तर ती दहा मिनिटे दोन तासांची होतात.

कोसबाडची शिदोरी

या प्रश्नाचे उत्तर शोधायला परदेशी नमुन्यांकडे धावण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या कामात सामील झाल्या. पुढे हे काम आदिवासी भागातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. महागडी परदेशी साधने परवडत नाहीत म्हणून पाने, बिया, शंखशिंपले, माती यांची साधने केली. गिजुभाई बधेका यांच्याकडून आलेली मोंटेसरी विचारांची दीक्षा त्यांनी या मातीत अशी रुजवली, की ती येथलीच वाटावी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी देशभर गेली.

त्या दोघींच्या कामातले मर्म एवढेच, की मूल जेथे आहे आणि जी बोली बोलते, तेथून सुरुवात करायची. आज उल्हासनगरच्या वर्गातील शिक्षिकेला सिंधी, भोजपुरी, तेलुगू सारे यावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. मुलाला आपल्या भाषेत उत्तर देण्याची मुभा देणे मात्र तिच्या हातात आहे. शेजारचा मित्र त्याचा अर्थ सांगतो, बाई तो मराठीत फळ्यावर लिहितात आणि अवघा वर्ग शहाणा होतो. यासाठी पटसंख्या आवाक्यात हवी. कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. साठ मुलांच्या वर्गात कोणतीही शिक्षिका कोणालाही बोलते करू शकत नाही. त्यातच तिच्यावर सर्वेक्षणे, याद्या आणि संगणकावर भरावयाची माहिती यांचा भार टाकला, तर चोवीस तासांतले किती तास मुलांसाठी उरतात, याचा विचार शासनाने केला पाहिजे.

समाजाचा वाटा

शासनाकडे बोट दाखवताना उरलेली बोटे स्वतःकडे वळतात, हेही विसरता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आनंद व्यक्त करणाऱ्या किती घरांतील मुले मराठी शाळेत जातात? स्वभाषेच्या अभिमानावर बौद्धिक देणाऱ्या वक्त्याला आपल्या नातवाची शाळा कोणती, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याने रागावू नये. ज्यांनी इंग्रजी माध्यम निवडले, त्यांच्या निर्णयामागे मुलाच्या भवितव्याची काळजी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण इंग्रजी उत्तम यावी ही इच्छा वेगळी आणि सहाव्या वर्षी मुलाचे विचार करण्याचे साधनच बदलावे हा आग्रह वेगळा. निदान माध्यम इंग्रजी असलेल्या घरात जेवणाचे ताट, देवघर, गोष्ट आणि भांडण तरी मराठीत, सिंधीत, आपापल्या बोलीत राहावे.

आणि करण्याजोगे काम पुष्कळ आहे. या तिन्ही शहरांत निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, कारखान्यांतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, सुशिक्षित गृहिणी मोठ्या संख्येने आहेत. प्रत्येकाने जवळच्या नगरपालिका वा महापालिका शाळेशी बोलून, मुख्याध्यापकांच्या अनुमतीने आणि शिक्षिकेच्या उपस्थितीत, शनिवारचा एक तास पहिलीच्या मुलांना गोष्ट सांगण्यासाठी दिला तर? एका शनिवारी मराठी गोष्ट, पुढच्या शनिवारी एखाद्या सिंधी आजोबांच्या तोंडून झुलेलालाची कथा, तिसऱ्या शनिवारी आगरी बोलीतली. गोष्ट संपल्यावर मुलांनी ती पुन्हा आपल्या शब्दांत सांगायची. याला इमारत लागत नाही, निधी लागत नाही, उद्घाटनही लागत नाही. लागते ते सातत्य. वर्षातले तेहतीस शनिवार न चुकता जाणारा माणूस सेवाकार्याच्या कोणत्याही मोठ्या फलकापेक्षा अधिक काम करून जाईल.

गृहसंकुलाच्या आवारात आठवड्यातून एकदा मुलांचे वाचन घेता येईल. बांधकामावरील मजुरांच्या मुलांना त्यात आग्रहाने बोलावता येईल. महिला मंडळांना शाळेसाठी चिंचोके, मणी, गोट्या, कापडी बाहुल्या जमवता येतील. पालकसभेत 'पुस्तक कुठवर आले' या प्रश्नाच्या जोडीला 'माझे मूल वर्गात बोलते का' हा प्रश्न विचारता येईल. शंभर पालकांनी हा प्रश्न विचारला, तर शाळांना त्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल.

पहिलीतले मूल मतदार नसते, ग्राहक नसते, मोर्चा काढत नाही. आपले म्हणणे मांडण्यासाठी त्याच्याजवळ फक्त आपली बोली असते. ती ऐकून घेणारी माणसे त्याला वर्गात आणि घरात भेटली, तर वाचणे, मोजणे, विचारणे आणि अन्यायाला नाही म्हणणे हे सारे ते क्रमाने शिकते. येत्या सोमवारी शाळा भरेल, तेव्हा या तीन शहरांतील प्रत्येक पहिलीच्या वर्गात निदान एक मूल असे असेल, जे जूनपासून एक शब्दही बोललेले नाही. शिक्षकांनी, पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी त्या मुलापासून सुरुवात करावी.